गाडी ट्रेलरवर नुसती उभी होती, तरी पुढचं बेअरिंग कसं गेलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७४ची प्रीमिअर पद्मिनी पुण्याहून दिल्लीला रॅलीसाठी फ्लॅटबेड (सपाट) ट्रेलरवर नेली आणि तशीच परत आणली. जाऊन-येऊन तीन हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास झाला, त्यात गाडी स्वतः चालली जेमतेम पन्नास. आल्यापासून ४०-५०च्या वेगाला पुढच्या डाव्या बाजूने घुमल्यासारखा आवाज येतोय. मेकॅनिकचं म्हणणं, चाक फिरलंच नाही तर बेअरिंग जाईल कसं, टायर बघा. ग्रीस दीड वर्षापूर्वीच भरलेलं आहे. आणि पुढच्या महिन्यात गाडी बडोद्याला न्यायची आहे.

बेअरिंग उभ्या गाडीचंही जातं. खरं तर चाक फिरत नाही म्हणूनच जातं. तुमच्या गाडीत तेच झालंय का, हे आवाजाच्या वर्णनावरून छातीठोकपणे सांगता येणार नाही. हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) उघडल्याशिवाय कळत नाही. पण गाडी कशी बांधली होती हे तुम्ही लिहिलंय (चारही पट्टे चासीला आणि पुढच्या विशबोनला म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याला, 'गाडी जराही हलू नये म्हणून' स्प्रिंग दबेपर्यंत ओढलेले), त्यावरून माझा संशय बेअरिंगवरच आहे.

आधी हे होतं कसं ते बघू, कारण ते समजलं की बाकीचे निर्णय आपोआप सुटतात. चाक फिरत असताना प्रत्येक रोलर ग्रीसचा पातळ थर आपल्याखाली ओढत पुढे जातो. लोखंड लोखंडाला लागत नाही. गाडी ट्रेलरवर उभी असते तेव्हा तेच चार-पाच रोलर खालच्या बाजूला, त्याच जागी, गाडीचं वजन घेऊन बसलेले असतात. रस्त्याच्या हादऱ्याने ते मिलिमीटरच्या काही शतांशाइतके मागेपुढे सरकतात. एवढ्या हालचालीत रोलर गडगडत नाही, त्यामुळे बाजूला दाबलं गेलेलं ग्रीस परत खाली येत नाही. मग पोलादावर पोलाद घासतं, अतिसूक्ष्म कण तुटतात, त्यांना हवा लागून गंज चढतो, आणि तो गंज पुढचं घासकाम करतो. सोनार पॉलिशला जी लाल पावडर वापरतात तीही लोहाचं ऑक्साइडच; यावरून ती किती कापते याचा अंदाज येईल. काही तासांत पुसट डाग पडतो, काही दिवसांत त्याची खाच होते. याला फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात.

'फॉल्स' अशासाठी, की जास्त वजनाने पडलेल्या खऱ्या खड्ड्यासारखी ती दिसते, पण तशी नसते. ब्रिनेल हे कडकपणा मोजण्यासाठी धातूवर गोळी दाबून खळगा पाडणाऱ्या स्वीडिश अभियंत्याचं नाव. आणि हा प्रकार जुन्या गाड्यांपुरता नाही. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातल्या आल्मेन यांनी १९३७मध्येच नोंदवलं होतं, की कारखान्यातून लांब पाठवलेल्या कोऱ्या गाड्यांची चाकाची बेअरिंगं ग्राहकाने गाडी चालवण्याआधीच आवाज करतात, प्रवास लांबला की प्रमाण वाढतं, आणि गाड्या कोणत्या ऋतूत पाठवल्या यानेही फरक पडतो.

आता बांधण्याचा मुद्दा. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथेच होते, आणि ती करणारा माणूस गाडीची काळजी म्हणूनच करत असतो. पद्मिनीचं वजन साधारण ९०० किलो धरा. एका चाकावर सव्वादोनशे किलो, पुढे इंजिन असल्याने थोडं जास्त. चासीला लावलेला एक पट्टा ३०० किलोच्या ताणाने ४५ अंशात खाली ओढला, तर त्याचा सरळ खाली जाणारा भाग सुमारे २१० किलो होतो. हा जोर चासीतून स्प्रिंगवर, स्प्रिंगमधून विशबोनवर, तिथून चाक ज्यावर फिरतं त्या स्टब अ‍ॅक्सलवर, स्टबवरून बेअरिंगवर आणि शेवटी चाकातून ट्रेलरवर जातो. म्हणजे गाडी उभी असताना बेअरिंगवरचं वजन जवळजवळ दुप्पट. शिवाय दबलेली स्प्रिंग पुरेसं काम करत नाही, त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा तिने गिळायच्या ऐवजी बेअरिंग गिळतं. तुमचे काही पट्टे विशबोनला होते, म्हणजे त्यांचा जोर स्प्रिंगलाही न विचारता थेट स्टबवर गेला. पट्टा ओढायचा रॅचेट जितका कसून ओढाल तितकं हे वाढतं.

पट्टा टायरवरून घेतला तर हिशेब बदलतो. ताण टायरमधून सरळ ट्रेलरच्या फळीवर जातो, बेअरिंगच्या वाट्याला येतच नाही. बेअरिंगवर गाडीचं स्वतःचं वजन तेवढं राहतं आणि स्प्रिंग मोकळी असल्याने बॉडी वर-खाली डोलते. ते डोलणं बघून पोटात गोळा येतो खरा, पण डोलू द्या. स्प्रिंग त्यासाठीच बसवलेली आहे.

मेकॅनिकने टायरवर बोट ठेवलं ते चुकीचं नाही, सुरुवात तिथूनच करायची. कसून बांधून दिवसचे दिवस उभ्या राहिलेल्या टायरला एका जागी चपटेपणा येतो. तो साधा असेल तर पंधरा-वीस किलोमीटर चालवून टायर गरम झालं की कमी होतो. तरीही आवाज राहिला तर पुढचं डावं चाक मागे उजवीकडे लावा आणि तिथलं पुढे आणा. आवाज चाकाबरोबर मागे गेला तर दोष टायरचा. जागेवरच राहिला तर पुढे चला.

मोकळ्या रस्त्यावर ४०च्या वेगाला हळुवार उजवीकडे वळवा. उजव्या वळणात वजन डाव्या चाकांवर येतं; घुमणं वाढलं आणि डावीकडे वळताना कमी झालं, तर डावं बेअरिंग. मग जॅक लावून गाडी घोडीवर घ्या. पुढच्या कॉइल स्प्रिंगवर एक हात ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. कानाला ऐकू न येणारी खरखर स्प्रिंगमधून तळहाताला स्पष्ट लागते. यानंतर चाक अगदी हळू, दोन बोटांनी फिरवा. ठरावीक अंतराने बारीक अडकल्यासारखं वाटत असेल, जुन्या रेडिओचं बटण टकटक सरकावं तसं, तर खाचा पडल्यात असं समजा. शेवटी चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो बेअरिंगचा, राहिला तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती पिन) किंवा पुढच्या जोडांचा. मात्र एक लक्षात ठेवा: ट्रेलरच्या हादऱ्याने गेलेल्या बेअरिंगमध्ये सुरुवातीला प्ले अजिबात नसतो. 'प्ले नाही म्हणजे बेअरिंग चांगलं' इथेच लोक फसतात.

हब उघडताना घाई करू नका आणि लगेच धुऊ तर नकाच. टोपी काढा, स्प्लिट पिन सरळ करून ओढा, नट आणि वायसर काढा, बाहेरचं लहान बेअरिंग तळहातावर घ्या आणि मग ड्रम ओढा. लायनर जुने असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. हवेच्या पाइपने धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. आता ग्रीस बघा. रोलरच्या कडेला गेरूसारखी तांबडी-तपकिरी छटा दिसली तर अर्धं उत्तर मिळालं. नुसतं काळं पडलेलं ग्रीस जुनं असतं, पांढुरकं-दुधी झालेलं असेल तर पाणी शिरलंय.

हे बघून झालं की रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवा, चिंधीने कोरडं करा आणि उजेडात न्या. लोक रोलर निरखत बसतात. तुम्ही हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची रिंग, म्हणजे कप, नीट बघा. कारण असं: पुढच्या हबमध्ये आतली रिंग स्टबवर स्थिर असते, आणि गाडी चालतानाही तिच्या खालच्याच बाजूवर वजन येतं. त्यामुळे तिथली झीज चालून झाली की उभं राहून, हे ओळखणं अवघड. कप मात्र चाकाबरोबर फिरतो. चालून झिजलेला कप गोलाकार सगळीकडून सारखा झिजतो. उभ्या गाडीत झालेलं नुकसान कपाच्या एकाच भागात, साधारण एक तृतीयांश घेरात असतं: चार-पाच आडव्या रेघा, दोन रोलरमध्ये जेवढं अंतर तेवढ्याच अंतरावर, मधली सगळ्यात खोल आणि कडेच्या पुसट होत गेलेल्या. असं चित्र दिसलं की शंका उरत नाही.

भिंगातून बघितलंत तर आणखी एक फरक दिसेल. जोरात आपटून किंवा ठोकून बसवताना पडलेल्या खऱ्या खड्ड्याच्या तळाशी कारखान्यातल्या ग्राइंडिंगच्या रेषा तशाच असतात, कारण तिथे धातू दबलेला असतो, निघालेला नसतो. ट्रेलरवर पडलेल्या खाचेत त्या रेषा पुसलेल्या असतात. आणि खाचांऐवजी भाजल्यासारखे काळपट बारीक खळगे असतील, तर गाडीवर वेल्डिंग कधी केलं होतं ते आठवा. अर्थिंगचा चिमटा लांब लावला आणि करंट बेअरिंगमधून गेला, तर असं होतं. रिस्टोअर केलेल्या गाड्यांत हे बघायला मिळतं.

खाच किती खोल आहे हे ठरवायला साधं बॉलपेन पुरतं. त्याचं टोक कपावरून हलकेच ओढा. अडकलं, तर बेअरिंग टाकून द्या. नुसता डाग असेल आणि टोक अडकत नसेल तर ते काही दिवस चालेल, पण नवीन मिळत असताना ठेवू नका. खाचेची कड तुटून पापुद्रे निघायला सुरुवात झाली की बिघाड वेगाने वाढतो. परगावी अडकलात आणि सुटा भाग मिळत नसेल, तर कोन (रोलरसकट आतली रिंग) स्टबवर अर्धा फिरवून बसवा, म्हणजे डागाळलेला भाग वर येतो. हा जुगाड सावकाश घरी पोहोचण्यापुरता.

नवीन घेताना जुन्याच्या रिंगवर कोरलेला नंबर वाचा. गाडीचं मॉडेल सांगून भाग मागवू नका, कारण पन्नास वर्षांत कोणी काय बसवलंय सांगता येत नाही. ३०२०५ असा मेट्रिक नंबर असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणा: २५ मि.मी. आतलं भोक. स्टबवर कॅलिपर लावून ते पडताळा. कप आणि कोन एकाच डब्यातले, जोडीनेच बदला. जुन्या कपात नवा कोन घातला तर खाचा नव्या रोलरवर उमटतील. आतलं मोठं, बाहेरचं लहान आणि ग्रीस सील, तिन्ही एकदम. उजवं चाकही उघडाच. ते त्याच ट्रेलरवर, तसंच बांधलेलं होतं. कप काढताना पितळी पंच वापरा आणि आळीपाळीने समोरासमोर ठोका. नवा बसवताना जुना कप वर ठेवून ठोकलात तर तो सरळ जातो. तळाला टेकला की हातोड्याचा आवाज बदलतो, बद्द वाजणारा एकदम टणक होतो. तिथे थांबा.

दीड वर्षापूर्वी ग्रीस भरलंय म्हणता, पण कोणतं? आपल्याकडे गॅरेजमध्ये सर्रास एपी-३ असतं. रोज चालणाऱ्या गाडीला ते उत्तम. पण यातला ३ म्हणजे घट्टपणाचा क्रमांक. हे ग्रीस एकदा बाजूला दाबलं गेलं की तिथेच राहतं, त्यातलं तेल रोलरखाली झिरपायला वेळ लागतो. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे नेमकं रॅलीच्या दिवसांत, उत्तरेच्या थंडीत ते आणखी घट्ट होतं. वर्षातले बरेच किलोमीटर ट्रेलरवर काढणाऱ्या गाडीला मी क्रमांक २चं लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस सुचवेन. काही कंपन्या माहितीपत्रकात एएसटीएम डी ४१७० या चाचणीचा आकडा देतात. या प्रकारची झीज किती मिलिग्रॅम झाली ते त्यात मोजतात. कमी तेवढं चांगलं. जुनं ग्रीस पूर्ण धुऊन मगच नवं भरा, दोन जातींची मिसळ करू नका. तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा, दुसऱ्या बाजूने रोलरांमधून ग्रीस वर येईपर्यंत. हबच्या पोकळीत एक तृतीयांश ते अर्धं पुरे. ठासून भरलेलं ग्रीस गरम होऊन सील ओलांडतं आणि ब्रेक लायनरवर उतरतं.

टेपर (एका टोकाला निमुळता) रोलर असेल तर नट चाक फिरवत फिरवत कसा, म्हणजे रोलर जागेवर बसतील. मग पूर्ण सैल करून हाताने टेकवा आणि पिनच्या भोकाशी जुळणाऱ्या मागच्या खाचेवर आणा. नक्की किती प्ले ठेवायचा ते गाडीच्या मॅन्युअलचं बघा, कारण आकडे सारखे नसतात: एमजीबीला ०.०५ ते ०.१० मि.मी., टेपर रोलरवाल्या बीटलला ०.०३ ते ०.१२, मर्सिडीज डब्ल्यू १२३ला अवघा ०.०१ ते ०.०२. हे डायल गेजनेच मोजायचं, 'हाताला बरोबर वाटतंय' यावर सोडायचं नाही. मॉरिस मायनरसारख्या काही गाड्यांत बॉल बेअरिंग आणि मध्ये स्पेसर असतो. तिथे नट पूर्ण टॉर्कने कसायचा असतो, सैल करायचा नाही. स्प्लिट पिन दरवेळी नवी.

आता बडोदा. वाहन ठरवताना फक्त भाडं विचारू नका. रिकामा-रिकामा वाटणारा जड ट्रक नऊशे किलोची एकच गाडी घेऊन निघाला तर त्याचे पाटे दबतच नाहीत, तो आपटत जातो. एअर सस्पेन्शनचं वाहन किंवा वजनाला साजेसा लहान फ्लॅटबेड घ्या. गाडी दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये येईल अशी चढवा. मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे लोंबणाऱ्या भागात हादरा सर्वात जास्त बसतो. दोन-तीन मजली कॅरिअरवर जागा निवडता आली तर हेच बघा.

चारही टायरवर चार पट्टे, टायरच्या पुढून, वरून आणि मागून जाणारे, तीन जागी रबरी गुटके असलेले. प्रत्येक पट्ट्याची कामाची क्षमता हजार किलोच्या वर हवी. तुटायची क्षमता वेगळी असते, लेबल नीट वाचा. तारेच्या स्पोकचं चाक असेल तर पट्टा स्पोकमधून ओवू नका. हँडब्रेक मागेच लागतो, पुढची चाकं मोकळी राहतात, म्हणून पुढच्या टायरला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे घट्ट लावून फळीला खिळे मारा. नाहीतर प्रत्येक ब्रेकला चाक बोटभर मागेपुढे झुलतं आणि तेही बेअरिंगला नको असतं. टायरमध्ये हवा नेहमीएवढीच ठेवा. पहिल्या पंचवीस-तीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा तपासा, कारण टायर बसतं आणि पट्टा सैल पडतो.

ड्रायव्हर कटकट करेल अशी एक गोष्ट सांगतो, पण ती करून घ्याच: रात्रीच्या मुक्कामाला गाडी १५ सेंटिमीटर पुढे सरकवा. पद्मिनीच्या टायरचा व्यास साठ सेंटिमीटर धरला तर परिघ १८८. १५ सेंटिमीटरला चाक सुमारे २९ अंश फिरतं. रोलरांचा पिंजरा त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त, सोळा-सतरा अंश सरकतो. सोळा रोलरच्या बेअरिंगमध्ये दोन रोलरमधलं अंतर २२.५ अंश. म्हणजे प्रत्येक रोलर आपली दबलेली जागा सोडून दोन डागांच्या मधल्या कोऱ्या पृष्ठावर येतो, आणि येताना ताजं ग्रीस ओढून आणतो. हे करताना विंचचा हूक लावलेलाच असू द्या, एकजण स्टिअरिंगवर ब्रेकपाशी आणि दुसरा ठोकळे धरून बाजूला. चाकासमोर कोणीही उभं राहायचं नाही.

जागेवर पोहोचल्यावर थेट रॅलीच्या रांगेत न जाता चार-पाच किलोमीटर सावकाश चालवा आणि थांबून चारही हबवर हात ठेवा. कोमट असणं ठीक. एखाद्यावर तीन-चार सेकंद हात ठेवता येत नसेल, तर आधी ब्रेक धरून बसलाय का ते बघा, मग नट.

तुमची गाडी पन्नास वर्षांच्या वर आहे. २०२१च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर घेतलात तर ती रोजच्या वापरात नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे ट्रेलरवरचा प्रवास वाढणार आणि हब उघडायची वेळ किलोमीटरवर मोजून चालणार नाही. अशा गाडीसाठी एक वही करा: ट्रेलरवरचे किलोमीटर वेगळ्या रकान्यात, बांधलं कसं ते शेजारी. हजाराच्या वरची फेरी झाली की त्या महिन्यात पुढची दोन्ही हब उघडून कप बघा. आत्ताच्या फेरीसाठी डावं-उजवं दोन्ही आधी उघडा, बॉलपेन फिरवा, आणि कपाचा फोटो इथे टाका. तो फिरवून चारही बाजूंचे चार फोटो असले तर पुढचं नेमकं सांगता येईल.